मन मोकळं करण्याची हजार वर्षं

'मन मोकळं कर, बरं वाटेल,' असं आपण सहज म्हणतो. पण नैराश्यानं ग्रासलेल्या माणसाला बोलण्यानं खरोखर बरं वाटतं, की ही आपली नुसती समजूत? कविता लिहिणाऱ्याचा सगळा व्यवहार शब्दांशी, म्हणून हा प्रश्न मला जवळचा. त्याचं उत्तर शोधताना मी थेट हजार-अकराशे वर्षं मागं गेलो.

आजच्या अफगाणिस्तानात बल्ख नावाचं प्राचीन शहर आहे. त्या परिसरात नवव्या शतकात अबू झैद अल-बल्खी हा विद्वान जन्मला. शरीर आणि मन या दोहोंच्या आरोग्यावर त्यानं अरबीत एक ग्रंथ लिहिला. वैद्य शरीराकडे पाहतात आणि मनाला विसरतात, ही त्याची तक्रार होती. दुःखाचे त्यानं दोन प्रकार केले. एकाचं कारण ठाऊक असतं. कुणी गेलेलं असतं, काही हरवलेलं असतं. दुसऱ्याचं कारण सापडतच नाही. त्याचं मूळ बल्खीला रक्तात दिसलं आणि त्यासाठी त्यानं शरीराचे उपचार सांगितले. पहिल्यावर मात्र इलाज विचारांचा आणि दुसऱ्याच्या शब्दांचा. घरात औषधं राखून ठेवतो, तसे मन निरोगी असताना चांगले विचार साठवावेत, असं तो सांगतो.

बोलण्यालाच उपचाराचं नाव मिळालं ते खूप पुढं, आणि तेही एका रुग्ण मुलीकडून. व्हिएन्नाची बर्था पापेनहाइम १८८० साली वडिलांची शुश्रूषा करता करता स्वतःच आजारी पडली. डॉ. योसेफ ब्रॉयर येत, ती बोले, ते ऐकत. त्या आजारात तिला मातृभाषा जर्मन बोलता येईना, ती इंग्रजीत बोले. म्हणून तिनं या प्रकाराला इंग्रजीच नाव दिलं, 'टॉकिंग क्युअर'. थट्टेनं ती त्याला 'धुरांडं साफ करणं' असंही म्हणे. तिचा आजार निव्वळ नैराश्याचा नव्हता आणि त्यानंतरही तिला इस्पितळात राहावं लागलं. पुढं ती सावरली आणि १९०४ मध्ये तिनं जर्मनीत ज्यू स्त्रियांची संघटना उभारली. पण एका बाईच्या कहाणीवरून उपचार सिद्ध होत नाही.

ते काम अमेरिकेत डॉ. अ‍ॅरन बेक यांनी केलं. नैराश्यातला माणूस 'मी नालायक, जग वाईट, पुढं काही नाही' असं स्वतःशी घोकत असतो, हे त्यांनी हेरलं. हे विचार रुग्णाबरोबर बसून पुराव्यावर तपासायचे, ही त्यांची पद्धत. १९७७ साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी ४१ रुग्णांवर तिची तुलना नैराश्यावरच्या गोळ्यांशी केली. शब्द गोळ्यांपुढे उणे पडले नाहीत.

मग प्रश्न आला, इतके मानसोपचारतज्ज्ञ आणायचे कुठून? त्याचं एक उत्तर आपल्या शेजारी, गोव्यात मिळालं. डॉ. विक्रम पटेल आणि 'संगथ' संस्थेनं दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत ४९५ रुग्णांचा अभ्यास केला. मानसोपचाराची पदवी नसलेल्या स्थानिक माणसांना प्रशिक्षण दिलं. ती रुग्णाला सहा ते आठ वेळा भेटत, ऐकून घेत आणि सुटलेली छोटी छोटी कामं पुन्हा सुरू करायला मदत करत. २०१७ साली 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष छापून आले. तीन महिन्यांनी या गटातल्या ६४ टक्के रुग्णांचं नैराश्य ओसरलं होतं. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत हे प्रमाण ३९ टक्के होतं.

या इतिहासातून मला एक गोष्ट कळते. 'मन घट्ट कर' असं सांगणं हा उपचार नव्हे. आपण सांगण्यात पटाईत आहोत. उपचार सुरू होतो तो ऐकण्यापासून, आणि तेही शिकावं लागतं. आजार तीव्र असेल तर औषधंही हवीतच, त्यात कमीपणा नाही. पण बोलायला कुणीच नाही, असं ज्यांना वाटतं, त्यांच्यासाठी २०२२ पासून सरकारची 'टेलि-मानस' सेवा आहे. १४४१६ हा तिचा क्रमांक, आणि तिथं मराठीतही बोलता येतं. घरात कुणी गप्प गप्प झालं असेल, तर हा क्रमांक त्याच्या हाती द्या. त्याआधी थोडा वेळ त्याच्याजवळ बसा.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)