सीएमएस म्हणजे काय? कोड न लिहिता वेबसाइट कशी तयार होते?

कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाने तशाच चपला दाखवल्या आणि सोशल मीडियावर एकच चर्चा झाली. अशा वेळी अस्सल चप्पल कुठे मिळते, हे शोधणाऱ्या ग्राहकाला कारागीर सापडायला हवा. इन्स्टाग्रामवरची पोस्ट दोन दिवसांत खाली जाते आणि खाते बंद झाले, तर जोडलेले ग्राहकही जातात. स्वतःच्या वेबसाइटवरील माहिती मात्र आपल्या ताब्यात राहते.

सीएमएस म्हणजे काय?
कंटेंट मॅनेजमेंट सिस्टीम, म्हणजेच आशय व्यवस्थापन प्रणाली. यात मजकूर आणि फोटोंची नोंद डेटाबेसमध्ये राहते व रंगरूप वेगळे ठेवले जाते. त्यामुळे दर बदलायचा असेल तर लॉगिन करून आकडा बदलला की पुरते. वर्डप्रेस, जुमला आणि ड्रुपल ही त्याची प्रसिद्ध उदाहरणे आहेत. मॅट मुलेनवेग आणि माइक लिटल यांनी २००३ मध्ये सुरू केलेल्या वर्डप्रेसवर आज जगातील ४० टक्क्यांहून अधिक वेबसाइट चालतात. ते मराठीतही वापरता येते.

खर्च कशाचा?
वर्डप्रेस मोफत आहे. पैसे लागतात ते डोमेन, म्हणजे वेबसाइटच्या नावासाठी आणि होस्टिंग, म्हणजे सर्व्हरवरील जागेसाठी. डोमेन स्वतःच्याच नावावर नोंदवावे. ते वेबसाइट बनवून देणाऱ्याच्या नावावर राहिले, तर पुढे वाद होऊ शकतो. देवनागरीत नाव हवे असेल, तर २०१४ पासून '.भारत' हे डोमेनही उपलब्ध आहे.

आपल्या पसंतीचे रूप कसे द्यायचे?
थीम निवडली की मांडणी बदलते. प्लगइनमुळे नवी सोय जोडली जाते. उदाहरणार्थ, वूकॉमर्स बसवले की वेबसाइटचे ऑनलाइन दुकान होते. चपलेचे माप, चामड्याचा प्रकार, रंग असे पर्याय त्यात देता येतात. मराठी मजकूर युनिकोडमध्येच टाइप करावा. जुन्या फॉन्टमधला मजकूर तसाच चिकटवला, तर अक्षरांचा गोंधळ होतो आणि गुगललाही तो वाचता येत नाही. 'मुक्ता' आणि 'बालू' हे मोफत देवनागरी फॉन्ट वेबसाइटवर चांगले दिसतात.

काय जपावे?
अनेक वेबसाइट हॅक होण्यामागे जुने प्लगइन आणि सोपा पासवर्ड ही कारणे असतात. म्हणून अपडेट वेळेवर करावेत, नको असलेले प्लगइन काढून टाकावेत आणि 'फुकट' म्हणून मिळणाऱ्या चोरीच्या थीम टाळाव्यात. बॅकअप नियमित घ्यावा आणि त्याची एक प्रत होस्टिंगच्या बाहेर ठेवावी. सर्व्हर बिघडला, तरी त्या प्रतीवरून दुकान पुन्हा उभे करता येते.