हलगी, फंक आणि कानांवरचे हात

माझा भाचा नऊ वर्षांचा आहे. त्याला ऑटिझम आहे. अनंत चतुर्दशीच्या दिवशी आपा त्याला घेऊन सकाळीच गावाबाहेर मावशीकडे जाते, कारण आमचं घर मिरवणुकीच्या वाटेपासून दोनच गल्ल्या आत आहे. एका वर्षी निघायला उशीर झाला. महाद्वार रोडवर डॉल्बी लागली, मांडणीवरची भांडी थरथरली आणि पोरगं पलंगाखाली शिरलं. रात्री बारानंतर स्पीकर बंद झाले, तरी पहाटेपर्यंत त्याने कानांवरचे हात काढले नाहीत.

याला संगीतच सोसत नाही, असं त्या दिवशी आम्ही ठरवून टाकलं. ते चूक होतं, हे मला फंकमुळे कळलं.

फंक हे अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं संगीत, १९६०च्या दशकात आकाराला आलेलं. जेम्स ब्राऊनचं ‘पापाज गॉट अ ब्रँड न्यू बॅग’ १९६५चं आणि ‘कोल्ड स्वेट’ १९६७चं. त्याने गाण्यातली सुरावट मागे सारली आणि ताल पुढे आणला. ड्रम, बास गिटार, ट्रम्पेट, सगळ्यांनी ठेकाच धरायचा. चार ठोक्यांतल्या पहिल्या ठोक्यावर सगळ्या वादकांनी एकत्र यायचं, हा त्याचा आग्रह. आपण त्याला सम म्हणू. फरक इतकाच, की तीनतालात समेसाठी सोळा मात्रा थांबावं लागतं आणि इथे ती दर चार ठोक्यांनी भेटते. मधल्या जागेत वादक हवे तेवढे आडवेतिडवे जातात, पण पहिल्या ठोक्याला घरी परततात.

एका दुपारी मी ‘कोल्ड स्वेट’ मोबाइलवर हळू आवाजात लावलं होतं. भाचा आला, त्याने तळहात मोबाइलवर ठेवला आणि डोलू लागला. मध्येच ब्रास वाद्यांचा झटका आला तसा हात कानांवर गेला. दुसऱ्यांदा ऐकताना तो झटका कुठे येणार हे त्याला ठाऊक झालं होतं. त्याने आधीच आवाज कमी केला, झटका जाऊ दिला आणि पुन्हा वाढवला. चौथ्या वेळी तर तो त्या जागेची वाट पाहून हसत होता.

ऑटिझमवरचा पहिला गाजलेला निबंध लिओ कॅनर या डॉक्टरने १९४३ साली लिहिला. त्यात अकरा मुलांची निरीक्षणं आहेत. मोठ्या आवाजाने ही मुलं घाबरतात हे त्याने नोंदवलंच, पण पुढे आणखी एक गोष्ट नोंदवली. ज्या आवाजाची त्यांना धास्ती वाटते, तितकाच मोठा आवाज ती स्वतः मजेत काढतात. म्हणजे आवाज नुसता मोठा आहे एवढंच दुखणं नाही. तो न सांगता अंगावर येतो आणि थांबवता येत नाही, हेही दुखणं आहे. संवेदनांची ही तीव्रता किंवा मंदता ऑटिझमच्या निदानाच्या अमेरिकन निकषांत यायला मात्र २०१३ साल उजाडलं. सगळी मुलं सारखी नसतात, हेही इथे सांगायला हवं. काहींना तोच बासचा हादरा हवाहवासा वाटतो. माझ्या भाच्याला ठेका हवा असतो, धक्का नको असतो.

ठेक्याच्या बाबतीत कोल्हापूरला अमेरिकेकडून काही उसनं घ्यायची गरज नाही. हलगी, घुमकं आणि कैताळ एकदा जुळलं की तेच आवर्तन फिरत राहतं आणि त्यावर हलगीवाला आपल्या काड्यांची करामत दाखवतो. फंकचा सांगाडा याहून फार वेगळा नाही. शाहू महाराजांनी बांधलेलं खासबाग मैदान १९१२ साली पुरं झालं. तिथल्या कुस्त्या हलगीशिवाय रंगत नाहीत. तीच हलगी मोहरमात पंज्यांच्या भेटींना वाजते आणि तीच गणपतीपुढे वाजते. आमच्या कित्येक तालमींत गणपती आणि पंजा दोन्ही बसतात, तसं वाद्यही दोघांचं एकच. हलगी वाजवणारे हात पिढ्यान्‌पिढ्या बहुतेक मांग-महार समाजाचे. अमेरिकेत काय आणि आपल्याकडे काय, समाजाने माणूस लांब ठेवला आणि त्याचा ठेका मात्र जवळ घेतला.

हलगी काही हळू वाद्य नाही. जाळावर शेकून ताणलेलं ते कातडं जवळून ऐकलं तर कान किटतात. पण ते माणसाच्या हातात असतं. हात दमतो, वाजवणारा पुढे सरकतो, आवाजही त्याच्याबरोबर जातो. खिडकी लावली तर त्यातला बराचसा बाहेर राहतो. डॉल्बीच्या खर्जाला भिंत अडवू शकत नाही. तो भिंतीतून येतो, जमिनीतून येतो, छातीत वाजतो. कान झाकून त्यातून सुटका होत नाही.

मुळात ‘डॉल्बी’ हा शब्द आपल्याकडे उलट्या अर्थाने रुजला आहे. रे डॉल्बी या अभियंत्याने १९६५ साली लंडनमध्ये कंपनी काढली, ती ध्वनिफितीतली खरखर कमी करायच्या तंत्रासाठी. गोंगाट घटवणाऱ्या माणसाचं नाव आपण स्पीकरच्या भिंतीला दिलं. कायद्याचं म्हणाल तर २००० सालच्या नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. दर दहा डेसिबलला ध्वनीची तीव्रता दहापट होते, हे लक्षात घेतलं तर आपण मर्यादेच्या किती पुढे गेलो आहोत हे कळतं.

हे सगळं मी मिरवणुकीच्या वेळी बोलत नाही. माझं नाव ऐकलं की आवाजाची तक्रार धर्माची तक्रार होऊन बसते. २०२३ साली अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी, २८ सप्टेंबरला आली, तेव्हा राज्यात अनेक ठिकाणी मुस्लिमांनी जुलूस पुढे ढकलला. त्या समजूतदारपणाचं कौतुक झालं आणि ते व्हायलाच हवं होतं. पण पुढे ढकललेल्या जुलुसांतही कुठे कुठे तीच स्पीकरची भिंत उभी असते, हे आपण कबूल करणार की नाही? पलंगाखालच्या मुलाला बाहेर कोणाची मिरवणूक आहे हे कळत नाही. म्हणून मी सुरुवात आमच्या मोहल्ल्यातून केली. बैठकीत म्हणालो, आपल्या जुलुसात स्पीकरची भिंत नको. दोघांनी मान डोलावली. बाकीचे चहा प्यायला लागले. पुढच्या बैठकीत पुन्हा म्हणणार आहे.

गेल्या मोहरमात भाच्याला मी भेटींच्या आधी, गर्दी जमण्यापूर्वी नेलं. हलगी शेकत बसलेल्या मामांना त्याचं सांगितलं. त्यांनी काडी त्याच्या हातात दिली. “घे की रं बाळा, हाण.” त्याने हाणली. ठण्णकन आवाज झाला आणि मीच दचकलो. त्याने पुन्हा हाणली, पुन्हा हाणली, आणि माझ्याकडे बघून म्हणाला, “मामू, कान झाक.”