स्कूबाचा 'रेस्क्यू डायव्हर' कोर्स करायचा का? जालन्यातून निघण्याआधी हे समजून घ्या

मालवणला जाऊन पाण्याखालचा व्हिडीओ काढला, इन्स्टाग्रामवर टाकला, लाइक्स आले. मग अल्गोरिदम एक नवीन गोष्ट दाखवायला लागतो, 'रेस्क्यू डायव्हर' कोर्स. नाव ऐकून वाटतं, हा कोर्स केला की आपण बुडणाऱ्याला वाचवू शकू.

जालना जिल्ह्यात हा विचार मनात येणं साहजिक आहे. समुद्र लांब असला तरी पाणी घराजवळ आहे. दक्षिणेला गोदावरी, मधून दुधना, गावोगावी विहिरी आणि शेतात शेततळी. द्राक्षांसाठी ओळखलं जाणारं कडवंची हे गाव तर शेततळ्यांमुळेच राज्यभर माहीत झालं. पण हा कोर्स नेमका कशासाठी आहे? पैसे भरण्याआधी ते बघूया.

मालवणला केलं ते काय होतं?

पर्यटक करतात तो 'ट्राय डाइव्ह' असतो. प्रशिक्षक तुम्हाला धरून खाली नेतो आणि वर आणतो. तो अनुभव असतो, त्याने तुम्ही प्रमाणित डायव्हर होत नाही.

'पॅडी' या जगभर चालणाऱ्या संस्थेच्या पद्धतीत पहिली पायरी 'ओपन वॉटर डायव्हर'. यात १८ मीटर खोलीपर्यंतचं प्रशिक्षण मिळतं. त्यासाठी २०० मीटर पोहणं आणि १० मिनिटं पाण्यावर तरंगणं जमायला हवं. पुढची पायरी 'अॅडव्हान्स्ड', त्यानंतर रेस्क्यू. शिवाय गेल्या २४ महिन्यांत प्रथमोपचार आणि सीपीआरचं प्रशिक्षण झालेलं लागतं. म्हणजे थेट रेस्क्यूला प्रवेश नाही.

कोर्समध्ये काय शिकवतात?

आधी स्वतःला सांभाळणं. मग सोबतचा डायव्हर घाबरलाय, दमलाय हे वेळीच ओळखणं. हरवलेल्या डायव्हरचा शोध घेणं, बेशुद्ध डायव्हरला वर आणणं, पाण्यावरच त्याला कृत्रिम श्वास देत किनाऱ्यापर्यंत नेणं. अनेक डायव्हर सांगतात की सगळ्यात जास्त याच कोर्सने शिकवलं. कारण तोपर्यंत लक्ष फक्त स्वतःकडे असतं, इथे ते दुसऱ्याकडे जातं.

मग विहिरीत उतरता येईल?

नाही. कोर्स करण्यामागचा हेतू हाच असेल तर इथेच थांबून विचार करा.

हा कोर्स स्कूबा करणाऱ्यांना एकमेकांना मदत करता यावी म्हणून आहे. गढूळ पाणी, गाळ, मोटारीची वायर, दोर, विहिरीत साठलेला विषारी वायू यासाठी तो नाही. अशा ठिकाणी शोध घेण्याचं प्रशिक्षण वेगळं असतं आणि ते काम एनडीआरएफ, एसडीआरएफसारखी पथकं पूर्ण टीमसह करतात. कार्ड खिशात आहे म्हणून एकट्याने उडी मारली, तर एकाऐवजी दोघं बुडायची भीती.

दुसरं म्हणजे वेळ. श्वास थांबल्यावर साधारण ४ ते ६ मिनिटांत मेंदूला इजा व्हायला लागते. तेवढ्या वेळात सिलिंडर, रेग्युलेटर, जॅकेट घालून तयारच होता येत नाही. काठावर उभा असलेला माणूस काय करतो, यावर सगळं ठरतं.

मग कोर्स कुणी करावा?

ज्यांना नियमित डायव्हिंग करायचंय, त्यांनी जरूर करावा. यात करिअर करायचं असेल तर पर्यायच नाही, कारण पुढच्या 'डाइव्हमास्टर'साठी रेस्क्यू अनिवार्य आहे. महाराष्ट्रात सिंधुदुर्गातल्या तारकर्लीला एमटीडीसीची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे. पावसाळ्यात समुद्रातलं डायव्हिंग बंद असतं, त्यामुळे साधारण ऑक्टोबर ते मे असं नियोजन करा.

फी विचारताना तिन्ही पायऱ्या, सीपीआर कोर्स, राहणं आणि प्रवास एकत्र धरा. दमा, हृदयविकार, कानाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना भेटा. आणि शेवटच्या डाइव्हनंतर लगेच गाडी काढू नका. खोल पाण्यात शरीरात विरघळलेला नायट्रोजन उंचीवर गेल्यावर बुडबुड्यांच्या रूपात त्रास देऊ शकतो. विमानासाठी, अनेक डाइव्ह केल्यावर, किमान १८ तास थांबायला सांगतात. जालन्याला परतायचं तर घाट चढावा लागतो, म्हणून एक मुक्काम वाढवलेला बरा.

गावातल्या माणसाला वाचवायचं असेल तर?

मग सुरुवात सीपीआर आणि जीवरक्षक प्रशिक्षणापासून करा. पुण्यातली राष्ट्रीय लाइफ सेव्हिंग सोसायटी आणि गोव्यातली राष्ट्रीय जलक्रीडा संस्था असे कोर्स घेतात. जिल्हाधिकारी कार्यालयातल्या आपत्ती व्यवस्थापन कक्षात स्वयंसेवक प्रशिक्षणाची चौकशी करता येते.

आजपासून करता येण्यासारखं बरंच आहे:

• शेततळ्याच्या प्लास्टिकवर पाय घसरतो, पोहता येणाऱ्यालाही बाहेर पडता येत नाही. काठाला गाठी मारलेला दोर आणि हवा भरलेली ट्यूब कायम बांधून ठेवा. भोवती कुंपण घाला.
• कुणी बुडत असेल तर आधी ओरडून माणसं जमवा. काठी, दोर, साडी, रिकामा कॅन, जे हाती लागेल ते टाका. उडी हा शेवटचा पर्याय.
• बाहेर काढल्यावर उलटं धरणं, पोट दाबणं यात वेळ घालवू नका. श्वास नसेल तर १०८ ला फोन लावा आणि सीपीआर सुरू करा. बुडालेल्याला फक्त छाती दाबून भागत नाही, श्वासही द्यावा लागतो. दर ३० दाबांनंतर २ श्वास.

थोडक्यात

समुद्राची ओढ असेल, तर रेस्क्यू कोर्स पैसा वसूल आहे. पण डोळ्यांसमोर गावची विहीर किंवा शेततळं असेल, तर तारकर्लीच्या तिकिटाआधी दोर आणा आणि सीपीआर शिका. तो दोर घरातल्या प्रत्येकाला वापरता येतो, अगदी तुम्ही गावात नसाल तेव्हाही.