विमानांच्या प्रमाणबद्ध प्रतिकृतींवरील गुळगुळीत रंगलेपन : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
भौतिक संस्कृतीच्या अभ्यासात नाणी, शस्त्रे, वस्त्रे, भांडी यांना ऐतिहासिक साधने म्हणून मान्यता मिळालेली आहे. त्या मानाने प्रतिकृती हे साधन उपेक्षित राहिले आहे. विमानाची लहान प्रतिकृती म्हणजे मुलांचे खेळणे किंवा हौशी माणसाचा छंद, अशी सर्वसाधारण समजूत आहे. तिचा रंग गुळगुळीत कसा करावा, हा प्रश्न तर निव्वळ कारागिरीचा मानला जातो. प्रस्तुत निबंधात याच प्रश्नाचा इतिहासाच्या दृष्टीने विचार केला आहे. प्रतिकृतीचा पृष्ठभाग हे मूळ विमानाविषयी केलेले एक विधान असते. म्हणून ते खरे किंवा खोटे ठरू शकते, हे या निबंधाचे प्रतिपाद्य आहे. विवेचन मुख्यतः ब्रिटन व अमेरिका येथील १९३० ते १९६० या कालखंडापुरते मर्यादित आहे.

उद्दिष्टे :
१) गुळगुळीत रंगलेपनाच्या तंत्राचा विकास पाहणे.
२) प्रतिकृतीच्या बदलत्या उपयोगांचा या तंत्राशी असलेला संबंध तपासणे.
३) मूळ विमानांच्या पृष्ठभागाशी त्याची तुलना करणे.

प्रमाण आणि रंगाची जाडी :
१९३० च्या दशकात ब्रिटनमध्ये 'स्कायबर्ड्‌स' या लाकडी संचांमुळे १:७२ हे प्रमाण रूढ झाले. या प्रमाणात प्रतिकृतीवरील एक इंच म्हणजे मूळ विमानावरील सहा फूट. १९३६ मध्ये 'फ्रॉग पेंग्विन' या नावाने सेल्युलोज ॲसिटेटचे संच बाजारात आले, त्यांनीही हेच प्रमाण स्वीकारले. आकार बहात्तर पटींनी लहान करता येतो. रंग मात्र लहान होत नाही. प्रतिकृतीवर ०.०५ मिलिमीटर जाडीचा रंग बसला, तर मूळ विमानाच्या प्रमाणात तो ३.६ मिलिमीटर जाड ठरतो. ओल्या रंगात चिकटलेला ०.१ मिलिमीटरचा धूलिकण म्हणजे विमानाच्या पंखावर रुतलेला सात मिलिमीटरचा खडाच होय. रंगाचा थर पातळ व सपाट ठेवण्याचा आग्रह या गणितातून आलेला आहे.

तंत्राचा उगम :
हे तंत्र प्रतिकृतिकारांनी स्वतंत्रपणे शोधलेले नाही. ते मोटार व विमान उद्योगांतून त्यांच्याकडे आले. पाण्यात भिजवून वापरता येणारा पॉलिश पेपर, म्हणजेच आपल्याकडील वॉटर पेपर, अमेरिकेतील '३एम' कंपनीने १९२१ मध्ये विक्रीस आणला. १९२३ मध्ये 'ड्यूपाँ' कंपनीचा 'ड्यूको' हा नायट्रोसेल्युलोज रंग आला. तो फवाऱ्याने देता येई व लवकर वाळे, त्यामुळे मोटारींच्या रंगकामातील दिवसांचे काम तासांवर आले. चित्रकारांसाठी तयार झालेला एअरब्रश तर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच उपलब्ध होता.

लाकडी प्रतिकृतीपुढील खरी अडचण लाकडाच्या रेषांची व रंध्रांची होती. विमानाच्या कापडी आवरणाला ताण देण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या 'डोप' या द्रावणात टाल्कम पावडर मिसळून त्याचे हात दिले जात. प्रत्येक हात वाळल्यावर तो घासून काढीत. रंध्रे भरली जाईपर्यंत हा क्रम चाले. आपल्याकडील सुतार व रंगारी लांबी भरून, घासून मगच रंगाचा पहिला हात देतात, त्यामागील तत्त्व हेच आहे. गुळगुळीतपणा शेवटच्या हातावर नव्हे, तर अस्तराखालील तयारीवर अवलंबून असतो. रंग फार दाट असला किंवा पृष्ठभागावर पोहोचण्याआधीच वाळू लागला, तर तो पसरून एकजीव होत नाही आणि संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत दिसतो. फार पातळ झाल्यास ओघळतो. या दोहोंमधील समतोल साधणे हेच या कलेचे मर्म होय.

युद्धकाळातील काळी प्रतिकृती :
१९४२ मध्ये अमेरिकी नौदल व तेथील शिक्षण विभाग यांनी शाळांमधून १:७२ प्रमाणातील पाच लाख लाकडी प्रतिकृती करून घेण्याची योजना हाती घेतली. शत्रूची व आपली विमाने ओळखण्याचे शिक्षण सैनिकांना देणे हा तिचा हेतू होता. ३५ फुटांवर धरलेली अशी प्रतिकृती २,५२० फुटांवरील, म्हणजे जवळपास अर्ध्या मैलावरील विमानाएवढी दिसते. या प्रतिकृती काळ्या रंगवल्या जात, कारण आकाशात विमानाचा रंग नव्हे, तर बाह्याकार ओळखावयाचा असे. येथे रंग सजावटीसाठी नव्हता. पंखाची कड रंगाच्या थराने बोथट झाली, तर ओळखच चुकण्याचा धोका होता. शाळकरी मुलांच्या हातकामाला जीवितरक्षणाचा संदर्भ प्राप्त झाला होता.

मूळ विमानांचा पृष्ठभाग :
मूळ विमाने तरी कितपत गुळगुळीत होती? 'स्पिटफायर'चे पहिले उड्डाण ५ मार्च १९३६ रोजी झाले. त्याच्या चाचण्यांत रिव्हेटच्या सपाट डोक्यांवर वाटाण्याची डाळ चिकटवून विमान उडवण्यात आले व एकेका भागावरील डाळ काढून वेगातील फरक मोजण्यात आला. उंचवटे असलेली रिव्हेट कोठे चालतील, हे त्यावरून ठरले. परिणामी आरंभीच्या 'स्पिटफायर'चे पंख सपाट रिव्हेटचे, तर धडाच्या मागील भागावर उंच डोक्यांची रिव्हेट होती. रात्रीच्या विमानांसाठी ब्रिटनने वापरलेला 'स्पेशल नाइट' हा काजळीसारखा काळा रंग इतका खरखरीत होता की त्यामुळे वेग घटे. पुढे त्याची जागा गुळगुळीत काळ्या रंगाने घेतली.

'मस्टँग' विमानाचे उदाहरण अधिक बोलके आहे. त्याच्या पंखाची रचना हवेचा प्रवाह अधिक अंतरापर्यंत अक्षुब्ध राहावा अशी होती. त्यासाठी पंखाच्या पुढील भागातील सांधे व रिव्हेट लांबीने भरून, घासून त्यावर रंग देत. १९४४ च्या सुमारास अमेरिकेने बहुतेक लढाऊ विमानांना छद्मरंग देणे थांबवले. तेव्हाही 'मस्टँग'चे धड उघड्या धातूचे व पंख चंदेरी रंगाचे, असा भेद राहिला. संपूर्ण विमान आरशासारखे चकचकीत दाखवणारी प्रतिकृती कितीही सफाईदार असली, तरी इतिहासदृष्ट्या चुकीचीच ठरते.

प्लॅस्टिकचे युग :
१९५३ मध्ये 'एअरफिक्स'चा १:७२ प्रमाणातील 'स्पिटफायर' आला. पॉलिस्टायरीनला रंध्रे नसल्याने लाकडाची अडचण संपली. साच्याच्या कडा, सांध्यांतील फटी व साच्यातून आलेला तेलकटपणा या नव्या अडचणी आल्या. पुढील काळात अनेक संचांवर उठावदार रिव्हेट दाखवले जाऊ लागले. ०.२ मिलिमीटर उंचीचे रिव्हेट मूळ प्रमाणात १४ मिलिमीटरहून उंच होते. त्यामुळे जाणकार प्रतिकृतिकार ते घासून टाकीत. निष्प्रभ रंगाच्या प्रतिकृतीवरही आधी चकचकीत थर द्यावा लागतो. खरखरीत पृष्ठभागावर चिन्हांच्या पातळ चकत्या लावल्यास खाली हवा अडकून त्या पांढुरक्या दिसतात. चिन्हे बसल्यावर शेवटचा निष्प्रभ हात दिला जातो.

निष्कर्ष :
१) गुळगुळीत रंगलेपनाचे तंत्र उद्योगांतून छंदाकडे आले, त्याचा इतिहास औद्योगिक इतिहासापासून वेगळा काढता येत नाही.
२) प्रतिकृतीचा उपयोग बदलला, तसा गुळगुळीतपणाचा अर्थ बदलला. युद्धकाळात तो आकाराच्या अचूकतेसाठी होता, पुढे तो मूळ पृष्ठभागाच्या सत्यतेसाठी झाला.
३) सफाई व सत्य या दोन भिन्न गोष्टी आहेत. मूळ विमान जेथे खडबडीत होते, तेथे ते तसेच दाखवणे हे इतिहासाशी प्रामाणिक राहणे होय.

आपल्या महाविद्यालयांतील राष्ट्रीय छात्रसेनेच्या हवाई विभागात विमान-प्रतिकृती आजही तयार केल्या जातात. त्यांच्याकडे केवळ स्पर्धेची वस्तू म्हणून न पाहता इतिहासाच्या अध्यापनाचे साधन म्हणून पाहिले, तर विद्यार्थी पॉलिश पेपर हाती घेण्यापूर्वी एक प्रश्न विचारू लागेल : हे विमान खरोखर असे होते काय? साधनचिकित्सेचा आरंभ याच प्रश्नापासून होतो.