हवाना सिगारची घडण

क्यूबाच्या पश्चिमेला पिनार देल रिओ प्रांतात सान लुईस आणि सान हुआन इ मार्तीनेस ही दोन लहान गावे आहेत. व्हुएल्ता आबाहो या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रदेशातली सर्वांत नावाजलेली तंबाखूची शेते याच गावांच्या आसपास आहेत. तांबूस, भुसभुशीत, पाणी धरून न ठेवणारी माती, समुद्रावरून येणारी दमट हवा आणि कोरडा हिवाळा यांमुळे इथल्या पानाला वेगळा वास आणि बळ येते. हे पान हवानाच्या कारखान्यांत वळले जाते, म्हणून जग त्याला हवाना सिगार म्हणते. सिगारच्या चवीविषयी ग्राहकांनी भरपूर लिहिले आहे. ती चव ज्यांच्या हातांनी ठरते, त्यांचा इतिहास मात्र तेवढा परिचित नाही, आणि तोच या धंद्याचा खरा इतिहास आहे.

तंबाखूची पाने गुंडाळून ओढण्याची रीत क्यूबात युरोपीय लोक येण्यापूर्वीची आहे. नोव्हेंबर 1492 मध्ये कोलंबसने रोद्रिगो दे हेरेस आणि लुईस दे तोर्रेस या दोघांना बेटाच्या आत पाहणीसाठी पाठवले. पेटती सुरळी हातात धरून तिचा धूर घेणारे ताईनो लोक त्यांनी पाहिले. ताईनोंसाठी तंबाखू केवळ शौकाची वस्तू नव्हती. देवकार्यात आणि औषधोपचारातही तिला स्थान होते. पुढच्या शंभर-सव्वाशे वर्षांत हे पीक जगभर पसरले. हिंदुस्थानात पोर्तुगीजांच्या व्यापाराबरोबर ते आधी दख्खनमध्ये रुजले. विजापूरच्या आदिलशाही दरबारातून परतलेल्या मोगल दूत असद बेगने 1604-05 च्या सुमारास अकबरापुढे तंबाखू आणि रत्नजडित नळी ठेवली, ही हकीकत त्याने स्वतःच लिहून ठेवली आहे.

स्पेनने क्यूबाच्या तंबाखूकडे पाहिले ते महसुलाच्या नजरेने. 1717 मध्ये राजाने तंबाखूच्या खरेदीची मक्तेदारी स्वतःकडे घेतली. शेतकऱ्याने पिकवायचे आणि सरकारी भावाने सरकारलाच विकायचे, असा हा बंदोबस्त होता. तंबाखू पिकवणाऱ्यांना तिथे वेगेरो म्हणतात. त्यांत कॅनरी बेटांवरून आलेली गरीब कुटुंबे पुष्कळ होती. त्यांनी 1717, 1720 आणि 1723 अशी तीनदा बंडे केली. तिसरे बंड चिरडल्यावर हवानाजवळच्या हेसूस देल मोंते इथे पकडलेल्या वेगेरोंना देहदंड देण्यात आला. पान जहाजाने स्पेनला जाई आणि सेव्हिलच्या राजेशाही कारखान्यात त्यावर काम होई. अठराव्या शतकात बांधलेल्या त्या अवाढव्य इमारतीत आज सेव्हिल विद्यापीठ आहे. 23 जून 1817 रोजी राजा सातव्या फर्नांदोने मक्तेदारी उठवली आणि क्यूबाच्या तंबाखूला मोकळा व्यापार मिळाला. त्यानंतरच हवानाच्या गल्ल्यांमध्ये सिगार वळण्याचे कारखाने भराभर उभे राहिले.

आजही विकली जाणारी बरीच नावे त्या काळातली आहेत. एच. उपमान 1844 चे, पार्तागास 1845 चे, होयो दे मोंतेर्रेय 1865 चे, रोमिओ इ हुलिएता 1875 चे. पार्तागासचा संस्थापक कॅटलान होता, तर उपमान जर्मन. माल युरोपात गाजू लागला तशी नक्कलही वाढली, म्हणून सिगारभोवती कागदी पट्टी आणि पेटीवर रंगीत छापील चित्रे लावण्याची चाल पडली. पेटीसाठी क्यूबातले देवदारासारखे सुवासिक लाकूड वापरले जाऊ लागले, कारण त्यात पान ओलसर राहते आणि मुरत राहते. या भरभराटीची दुसरी बाजूही होती. कारखान्यांत स्वतंत्र कारागिरांबरोबर गुलाम आणि करारावर आणलेले चिनी मजूरही राबत होते. क्यूबातली गुलामगिरी कायद्याने संपली ती 1886 मध्ये.

सिगारची चव शेतातच ठरू लागते. बाहेरच्या वेष्टनाचे पान मोठे, पातळ आणि नाजूक शिरांचे हवे असते. त्यासाठीची रोपे पांढऱ्या कापडाच्या मांडवाखाली वाढवतात. आत भरायच्या पानांची रोपे उघड्या उन्हात वाढतात. तोडणी हाताने, खालून वर, एका वेळी दोन-तीन पाने अशी कित्येक आठवडे चालते, कारण एकाच रोपाची पाने सारखी नसतात. तळाचे पान वोलादो. ते सौम्य असते आणि चांगले पेट घेते. मधले सेको, वास देणारे. शेंड्याकडचे लिहेरो, ज्यात ऊन सर्वांत जास्त मुरलेले असते. ते जाड, तेलकट, उग्र आणि सावकाश जळणारे. उंच छपराच्या कोठारात काठ्यांवर टांगलेली पाने सुमारे पन्नास दिवसांत हिरव्याची पिवळी आणि मग तपकिरी होतात. पुढे त्यांच्या थप्प्या रचतात. थप्पीच्या पोटात उष्णता तयार होते, अमोनिया बाहेर पडतो, कडवटपणा उतरतो. उष्णता वाढली की थप्पी मोडून पुन्हा रचावी लागते, आणि ती कधी मोडायची हे अनुभवी हात ठरवतो. त्यानंतरही पानाला लोणच्यासारखे मुरावे लागते. लिहेरोला निदान दोन वर्षे लागतात. सान लुईसचे शेतकरी आलेहांद्रो रोबाइना (1919–2010) हे वेष्टनाच्या पानासाठी इतके नावाजले की 1997 मध्ये त्यांच्या नावाने सिगारचे एक नाव बाजारात आले.

वळणाऱ्या कारागिराला तोर्सेदोर म्हणतात. त्याच्या बाकावर लाकडी फळी, चावेता नावाचे विनामुठीचे पाते आणि थोडा वनस्पतिज डिंक एवढाच सरंजाम असतो. तो लिहेरो मध्यभागी आणि इतर पाने बाजूंनी धरतो, प्रत्येक पान असे दुमडतो की धुराला वाट राहावी. त्यावर बांधणीचे पान, मग साच्यात दाब, शेवटी वेष्टन आणि टोकाला त्याच पानाची टोपी. पान घट्ट भरले तर झुरका ओढवत नाही; सैल भरले तर सिगार तापून चव जळते. चांगला तोर्सेदोर दिवसाला मध्यम आकाराचे शंभरेक सिगार वळतो. मग दुसरे कारागीर रंगाप्रमाणे निवड करतात आणि पेटीत डावीकडून गडद ते उजवीकडे फिका अशा क्रमाने मांडणी करतात. याखेरीज कारखान्यात कातादोर, म्हणजे चव घेणारे, असतात. ते रोज नमुन्याचे सिगार ओढून झुरका, जळण, वास आणि बळ यांची नोंद करतात. 

ग्राहकाकडे रूढ झालेली रीतही या कामाशी जुळणारी आहे. सिगार 65 ते 70 टक्के आर्द्रतेत ठेवतात, कारण तो सुकला की सुगंधी तेले उडतात. फक्त टोपीच कापतात, नाहीतर वेष्टन उलगडते. ज्योत पानाला न टेकवता टोक फिरवत शेकतात. धूर तोंडात घोळवून सोडायचा असतो, छातीत ओढायचा नसतो. त्यातला थोडासा नाकावाटे सोडला की वासाचे बारकावे कळतात. झुरके साधारण मिनिटाला एक, कारण घाईने अंगार तापतो आणि पान कडू होते. सिगारचे तीन भाग मानतात: सुरुवात सौम्य, मध्य भरदार, शेवट उग्र. फ्रेंच शौकिनांची जुनी वर्गवारी अशी की पहिला तृतीयांश वाळल्या गवताचा, दुसरा स्वर्गाचा, तिसरा शेणखताचा. हा फरक पडतो तो धूर पुढच्या पानांतून गाळत येताना त्यांत डांबर आणि तेले साठवत जातो म्हणून. लांब टिकणारी राख सलग पान आणि नीट वळणी दाखवते. मात्र धूर छातीत न घेतल्याने सिगार निरुपद्रवी ठरत नाही. त्याचा धूर अल्कधर्मी असल्यामुळे निकोटिन तोंडाच्या आतल्या त्वचेतूनच शोषले जाते, आणि तोंड, घसा, अन्ननलिका यांच्या कर्करोगाशी सिगारचा संबंध सिद्ध झालेला आहे.

या धंद्याने जगाला दिलेली सर्वांत मोलाची गोष्ट सिगार नव्हे, वाचन आहे. वळण्याच्या कामात यंत्राचा आवाज नसतो. हात गुंतलेले आणि कान मोकळे. डिसेंबर 1865 मध्ये हवानाच्या एल फिगारो कारखान्यात कामगारांनी आपल्यातल्या एकाला मोठ्याने वाचायला बसवले. सातुर्निनो मार्तीनेस या कामगाराने काढलेल्या ‘ला आउरोरा’ या पत्राने ही कल्पना उचलून धरली, आणि लवकरच पार्तागासमध्येही वाचन सुरू झाले. वाचणाऱ्याला लेक्तोर म्हणत. त्याचा पगार मालक देत नसे. कामगार आपल्या मजुरीतून वर्गणी काढून देत. काय वाचायचे तेही बहुमताने ठरे: सकाळी वर्तमानपत्रे, नंतर कादंबरी. ह्यूगो, ड्यूमा, सर्व्हांतेस, झोला हे लेखक स्वतः एक अक्षरही वाचू न शकणाऱ्या माणसांना प्रसंगानिशी पाठ झाले. आवडलेल्या भागाला बाकावर चावेते आपटून दाद मिळे. सरकारने धोका लगेच ओळखला आणि मे 1866 मध्ये कारखान्यातल्या वाचनावर बंदी घातली. ती काही कायमची टिकली नाही.

1868 मध्ये स्पेनविरुद्धचे दहा वर्षांचे युद्ध सुरू झाले आणि अनेक कारागीर फ्लोरिडाला गेले. विसेंते मार्तीनेस इबोर या कारखानदाराने आधी की वेस्टला आणि 1885-86 मध्ये टाम्पाजवळ वसाहत उभारली. ती इबोर सिटी. लेक्तोरही तिथे गेले. 1891 च्या नोव्हेंबरात क्यूबाच्या स्वातंत्र्यलढ्याचा नेता होसे मार्तीने टाम्पाच्या सिगार कामगारांपुढे भाषणे केली, आणि क्यूबाच्या स्वातंत्र्ययुद्धासाठी या कामगारांनी मजुरीतून पैसा दिला. वाचनाने घडलेली राजकीय जाण त्यामागे होती, असे म्हणायला पुरेसा आधार आहे. 1931 मध्ये टाम्पाच्या कारखानदारांनी जहाल मजकूर वाचला जातो म्हणून लेक्तोर काढून टाकले. कामगारांनी संप केला, पण कारखाने उघडले तेव्हा लेक्तोरच्या मंचाची जागा रेडिओने घेतली होती. हाताने वळण्याच्या कामात वाचन जगाच्या दुसऱ्या टोकालाही रुजले: केरळच्या कण्णूर भागातले विडी कामगारही एका सोबत्याकडून वर्तमानपत्र वाचून घेत आणि त्याच्या वाट्याच्या विड्या वळून देत.

विसाव्या शतकात क्यूबात वाचनाची परंपरा टिकली. 1935 मध्ये निघालेल्या मोंतेक्रिस्तोचे नाव ड्यूमाच्या कादंबरीवरून, वळणाऱ्यांच्या आवडीमुळे पडले, असे सांगतात. फर्नांदो ओर्तीस या क्यूबन अभ्यासकाने 1940 च्या आपल्या ग्रंथात तंबाखू आणि साखर यांना समोरासमोर उभे केले: साखरेला मोठे मळे आणि यंत्रे लागतात, तंबाखूला निवडक हात आणि निगा. क्यूबातल्या क्रांतीनंतर सप्टेंबर 1960 मध्ये कारखाने राष्ट्रीयीकृत झाले. अनेक मालक देश सोडून गेले आणि डोमिनिकन प्रजासत्ताक, होंडुरास, निकाराग्वा इथे नवे धंदे उभे राहिले. फेब्रुवारी 1962 मध्ये अमेरिकेने क्यूबाच्या मालावर बंदी घातली. तिच्यावर सही होण्याआधी राष्ट्राध्यक्ष केनेडींनी आपल्यासाठी सुमारे 1,200 पेतित उपमान सिगार मागवून घेतले, असे त्यांचे प्रसिद्धी सचिव पिअर सॅलिंजर यांनी नंतर सांगितले. क्यूबात एल लागितो या हवेलीत स्त्रियांना वळण्याचे प्रशिक्षण मिळू लागले. 1966 मध्ये निघालेला कोहिबा आधी परदेशी पाहुण्यांना भेट म्हणून दिला जाई. 1982 पासून तो बाजारात आला. आज क्यूबाच्या वळणाऱ्या कारागिरांत स्त्रियांची संख्या मोठी आहे.

पीक मात्र अजूनही हवामानाच्या हाती आहे. 1980 च्या सुमारास निळ्या बुरशीने क्यूबाची तंबाखू मोठ्या प्रमाणावर गेली, आणि सप्टेंबर 2022 मध्ये इयान चक्रीवादळाने पिनार देल रिओतली वाळवणीची असंख्य कोठारे पाडली. कारखान्यांतले वाचन मात्र चालू आहे. लेक्तोर आता ध्वनिक्षेपकावरून वाचतात, त्यांत स्त्रियाही आहेत. 2012 मध्ये क्यूबाने ही परंपरा राष्ट्रीय सांस्कृतिक वारसा म्हणून जाहीर केली.