औटकीची कुळकथा

पाढे म्हणजे ठरावीक टप्प्यांनी पुढे जाणारी मोजणी. दोनच्या टप्प्याने गेले की बेचा पाढा, सातच्या टप्प्याने गेले की सातचा. जुन्या मराठी शाळांत पूर्णांकांचे पाढे तीसपर्यंत म्हणून झाले की अपूर्णांकांचे सुरू होत: पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी. पहिल्या सहा नावांचा अर्थ ऐकताच कळतो. सातवे नाव अडवते. औट म्हणजे साडेतीन. मग या पाढ्याला ‘साडेतीनकी’ का म्हणत नाहीत?

उत्तर संस्कृतातल्या ‘अर्धचतुर्थ’ या शब्दात आहे. त्याचा अर्थ ‘चौथा अर्धा’, म्हणजे तीन पुरे आणि चौथ्याचा अर्धाच भाग. त्याचे प्राकृत रूप ‘अद्धुट्ठ’, आणि त्यावरून औट. अडीच आला ‘अर्धतृतीय’वरून, दीड ‘द्व्यर्ध’वरून. तिन्ही शब्दांत मोजणारा पुढच्या पायरीवर उभा राहून अर्धे उणे करतो. ‘साडे’ उलटा चालतो: तो ‘सार्ध’ म्हणजे ‘अर्ध्यासह’, मागच्या पूर्ण संख्येत अर्धे मिळवणारा.

उणे करण्याची ही रीत फार जुनी. अशोकाच्या लघुशिलालेखात, इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या शतकात, ‘अढतिय’ वर्षांचा, म्हणजे अडीच वर्षांचा उल्लेख आहे. दीडपटीसाठी ‘दियढिय’ही तिथेच सापडतो. पाली ग्रंथांत बुद्धासोबतचे १,२५० भिक्षू ‘अड्ढतेळस’ शतके असतात: तेरावे शतक अर्धे, म्हणजे साडेबारा शतके. रोमनांचे ‘सेस्टर्टियस’ हे नाणे मुळात अडीच ‘अस्’ किमतीचे, आणि त्याच्या नावाचा अर्थही ‘तिसरा अर्धा’. जर्मनमध्ये दीडला आजही ‘दुसरा अर्धा’ अशा घडणीचा शब्द आहे. रोमनांनी ही रीत भारतातून नेली असे म्हणायला मात्र आधार नाही. दूरच्या भाषांना एकच युक्ती स्वतंत्रपणे सुचणे अशक्य नव्हे.

खरा वाद पुढे आहे: मराठी पाढे औटावरच का थांबले? सोपे उत्तर बाजाराकडे बोट दाखवते. रुपयाचे सोळा आणे, मणाचे चाळीस शेर, पावशेर, अर्धा शेर. अशा व्यवहारात पाव-अर्ध्याचे पाढे हवेतच. पण गिऱ्हाईक साडेचार शेरही मागते. त्याला पाढा का नाही? शिवाय हिंदी पट्ट्यात हूंठा म्हणजे साडेतीन झाल्यावर ढोंचा (साडेचार), पोंचा (साडेपाच), खोंचा (साडेसहा) असे पाढे होतेच. तिथला बाजार काही वेगळ्या मापांनी चालत नव्हता.

भाषेच्या बाजूने पाहिले तर गाठ अधिक नीट सुटते. मराठीत कोणी ‘साडेएक’ किंवा ‘साडेदोन’ म्हणत नाही, आणि साडेचारला औटासारखा जुना शब्द उरलेला नाही. दोन्ही पद्धतींची नावे असलेली संख्या एकच, साडेतीन. जुन्या रीतीची हद्द तिथे संपते, आणि आखूड नावांचा साठाही तिथेच संपतो. पाढा तालावर म्हणायचा असल्याने आखूड नाव लागतेच. हिंदीतल्या नावांतही याचा पुरावा दिसतो. ढोंचा ‘अर्धपंचम’वरून आला, पण पोंचा ‘अर्धषष्ठ’वरून येऊच शकत नाही. तो पाचाला ढोंचाचे शेपूट जोडून बनवलेला दिसतो. म्हणजे उणे करण्याची रीत तोवर विसरली गेली होती आणि नावे नुसत्या यमकावर पाडली जात होती. मराठी पंतोजींनी तसली नावे पाडली नाहीत, हे बरेच झाले.

औटकीची चाल साधी आहे. साडेतीन, सात, साडेदहा, चौदा: दर दुसरी पायरी सातच्या पाढ्यात पडते. तशीच दिडकी तीनच्या पाढ्यावर, अडीचकी पाचच्या पाढ्यावर बसते. पाऊणकी आणि सवायकीत पूर्णांक दर चौथ्या पायरीला येतो: पाऊण, दीड, सव्वादोन, तीन, सव्वा, अडीच, पावणेचार, पाच. मूळ पाढे पाठ असले की निम्मे काम आधीच झालेले असते. गंमत अशी की पाढ्याचे नाव जुन्या रीतीचे असले, तरी त्यातली साडेदहा, साडेसतरा ही उत्तरे नव्या रीतीची.

पाढ्याबाहेर औट थोड्याच ठिकाणी राहिला. ‘औट हात’ म्हणजे ज्याच्या त्याच्या हाताने साडेतीन हात भरणारा माणसाचा देह. ‘औट घटकेचे राज्य’ म्हणजे क्षणिक सत्ता. घटका २४ मिनिटांची, म्हणून हिशेबाने ८४ मिनिटांची. गुजरातीत याच पाढ्याला ‘ऊठां’ म्हणतात, आणि ‘ऊठां भणाववां’ म्हणजे एखाद्याला फसवणे. हा अर्थ बहुधा आकडेमोडीत कच्च्या असलेल्या गिऱ्हाइकाच्या अनुभवातून आला असावा.

१ एप्रिल १९५७ रोजी रुपयाचे शंभर नये पैसे झाले. पाठोपाठ शेर आणि मण जाऊन किलो आला, आणि अपूर्णांकांच्या पाढ्यांचे रोजचे काम संपले. बाजारात आजही साडेतीन किलोच मागतात. शाळेच्या पुस्तकात ३.५ ही संख्या ‘तीन पूर्णांक पाच दशांश’ अशी वाचली जाते.