वऱ्हाडातील ध्वजाचा प्रश्न आणि बालवीरांचे ध्वजपथक : यवतमाळ जिल्ह्याच्या संदर्भात

शाळेच्या पटांगणावर सकाळी निशाण चढविणाऱ्या तीन-चार बालवीरांकडे इतिहासाच्या अभ्यासकाने लक्ष द्यावे, असे सहसा कोणास वाटत नाही. ध्वजपथक हा शारीरिक शिक्षणाचा, फार तर कवाइतीचा विषय समजला जातो. परंतु कवायत कशी करावयाची ह्याच्या आधी निशाण कोणाचे हा प्रश्न उभा राहतो, आणि यवतमाळ जिल्ह्यात ह्या प्रश्नाचे उत्तर विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुळीच सरळ नव्हते. ध्वजपथकाचे जे नियम आज मुले पाठ करतात, त्यांत ह्या जुन्या वादाचा निवाडा साठलेला आहे, एवढाच मुद्दा येथे मांडावयाचा आहे.

प्रथम प्रदेशाची घटनात्मक स्थिती लक्षात घ्यावी लागेल. १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आले. १९०२ साली लॉर्ड कर्झनने ते वार्षिक पंचवीस लक्ष रुपयांच्या मोबदल्यात कायमच्या पट्ट्याने घेतले आणि पुढील वर्षी मध्यप्रांतास जोडले. मात्र निजामाचे नाममात्र सार्वभौमत्व करारात शाबूत राहिले. १९२३ साली निजाम उस्मान अली ह्याने वऱ्हाड परत मागितले. १९२६ मध्ये लॉर्ड रीडिंगने ती मागणी साफ नाकारली. पुढे १९३६ च्या करारात मात्र निजामाच्या युवराजास ‘वऱ्हाडचा राजपुत्र’ ही पदवी आणि वऱ्हाडात इंग्रजी निशाणाबरोबर निजामाचे निशाण फडकविण्याचा हक्क, ह्या दोन गोष्टी मान्य झाल्या. कारभार एकाचा, सार्वभौमत्व दुसऱ्याचे आणि लोकांच्या मनातील निशाण तिसरेच, अशी ही अवस्था होती. पूर्वीचा वणी जिल्हा, म्हणजेच १९०५ नंतरचा यवतमाळ जिल्हा, तर दक्षिणेस पैनगंगेला टेकलेला. नदीच्या पलीकडे प्रत्यक्ष निजामाचे राज्य होते.

बालवीर चळवळ ह्या देशात आली ती इंग्रजी निशाण हाती घेऊनच. १९०७ साली ब्राउनसी बेटावर बेडन-पॉवेल ह्यांनी पहिले शिबिर भरविले; १९०९ मध्ये बंगलोरला हिंदुस्थानातील पहिले पथक निघाले, पण ते युरोपियन व अँग्लो-इंडियन मुलांसाठी होते. देशी मुलांना दार बंद असल्यामुळेच ॲनी बेझंट ह्यांनी मद्रासेत आणि पंडित मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू व श्रीराम बाजपेयी ह्यांनी उत्तरेत स्वतंत्र संस्था उभारल्या. १९२१ च्या बेडन-पॉवेल ह्यांच्या दौऱ्यानंतर काही संस्था एकत्र आल्या, पण सेवा समितीचे बालवीर वेगळेच राहिले. वरवर पाहता हा संस्थांचा वाद होता. मुळात तो राजनिष्ठेचा होता, कारण बालवीराची शपथ ईश्वर व राजा ह्यांच्या नावे घ्यावयाची होती आणि शपथ घेताना समोर निशाण असे.

ह्याच काळात यवतमाळपासून सुमारे दीडशे किलोमीटरवर, नागपुरास, ध्वज वाहून नेण्याची एक निराळीच शाळा उघडली. १ मे १९२३ रोजी जमनालाल बजाज ह्यांच्या नेतृत्वाखाली झेंडा सत्याग्रह सुरू झाला. (पुढे हाच दिवस महाराष्ट्र दिन व्हावा, हा निव्वळ योगायोग.) सिव्हिल लाइन्समधून चरख्याचे पांढरे, हिरवे व तांबडे निशाण नेण्यास बंदी होती. रोज स्वयंसेवकांच्या लहान लहान तुकड्या निघत, हद्दीवर अडविल्या जात आणि तुरुंगात जात. बजाज ह्यांना अटक झाल्यावर वल्लभभाई पटेल ह्यांनी सूत्रे हाती घेतली. दीड हजारांहून अधिक लोक तुरुंगात गेले आणि १८ ऑगस्ट रोजी निशाणासह मिरवणूक त्याच वस्तीतून पार झाली. ह्या तुकडीची रचना पाहिली तर ती ध्वजपथकाचीच आहे. संख्या थोडी, नायक एक, ध्वजवाहक ठरलेला, आणि इतरांचे काम त्याच्या दोन्ही अंगांस राहून निशाण खाली पडू न देण्याचे. बालवीरांच्या टोळीतही सहा ते आठच मुले असतात, आणि टोळीनायकाची जबाबदारी तशीच वैयक्तिक असते. दोन्हीकडे जमाव टाळून लहान गट निवडला आहे, कारण शिस्त अशा गटातच टिकते.

सत्याग्रहाच्या अनुभवातून संघटनेचा धडा घेतला तो डॉ. ना. सु. हर्डीकर ह्यांनी. नागपूरच्या तुरुंगातून सुटून आल्यावर त्यांनी स्वयंसेवकांच्या कायम शिक्षणाची योजना मांडली आणि डिसेंबर १९२३ च्या काकीनाडा काँग्रेसमध्ये हिंदुस्थानी सेवा दलाची स्थापना झाली. दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी सकाळी आठ वाजता ध्वजवंदन करण्याची प्रथा सेवा दलाने घातली. आमच्या मते ह्या प्रथेचे महत्त्व पुरेसे ओळखले गेलेले नाही. ध्वजवंदन हा सत्याग्रहाचा एखादा प्रसंग न राहता ती सवय झाली. आणि सवयीस दोर कसा धरावा, घडी कशी घालावी, हुकूम कोणी द्यावा, ह्या सर्व गोष्टी ठरवाव्या लागतात. १० जुलै १९३० रोजी लोकनायक बापूजी अणे ह्यांनी पुसद येथे राखीव जंगलातील गवत कापून सत्याग्रह केला, तेव्हा ह्या जिल्ह्यातील तुकड्यांच्या शिस्तीमागे सात वर्षांचा हा सराव वातावरणात होता.

१५ ऑगस्ट १९४७ रोजी पैनगंगेच्या अलीकडे तिरंगा उघडपणे चढला. पलीकडे तो चढविणे गुन्हा ठरला. हैदराबादेत त्या दिवशी स्वामी रामानंद तीर्थ ह्यांना ध्वज फडकविल्याबद्दल अटक झाली. दोन्ही काठांवर एकच निशाण येण्यास सप्टेंबर १९४८ उजाडावा लागला. नदीच्या पात्राएवढ्या अंतरावर एकाच भाषेची मुले, आणि एकाने दोर ओढला तर टाळ्या, दुसऱ्याने ओढला तर बेड्या.

७ नोव्हेंबर १९५० रोजी बालवीर संस्थांचे विलीनीकरण होऊन भारत स्काउट्स आणि गाइड्स ही संस्था झाली. वीरबाला पुढील वर्षी १५ ऑगस्टला सामील झाल्या. शपथेत राजाच्या जागी देश आला. ध्वजपथकाची आजची रीत ह्या पार्श्वभूमीवर वाचावी. पथक नालाकृती उभे राहते. घडी घालून, बहुधा आत फुलांच्या पाकळ्या ठेवून बांधलेला ध्वज आधीच वर चढविलेला असतो; ठरलेला बालवीर पुढे येऊन दोराला झटका देतो, ध्वज उलगडतो, तो एक पाऊल मागे सरतो, सलामी होते आणि झेंडागीत म्हटले जाते. दोर व ध्वज जोडण्यास शीट बेंड ही गाठ शिकवितात, कारण ती ताणाखाली घट्ट बसते आणि हवी तेव्हा सुटते. घडीची गाठ मात्र एका झटक्यात सुटलीच पाहिजे. ती अडकली की पाहुणे वर पाहत राहतात आणि टोळीनायकाचा चेहरा उतरतो; म्हणून आदल्या संध्याकाळी तालीम घेणे आणि दोर स्वतः ओढून पाहणे, ही नायकाची पहिली कामे. ध्वज बांधण्याचे काम टोळ्यांनी पाळीपाळीने करावे, एकाच हुशार मुलाकडे ठेवू नये, हेही अनुभवी शिक्षक सांगतात.

संचलनात राष्ट्रध्वज उजव्या बाजूस, किंवा इतर ध्वजांची रांग असल्यास रांगेच्या मध्यापुढे असतो. बालवीरांचा गडद निळा, पिवळ्या चिन्हाचा ध्वज त्याच्या खालोखाल. पथकाचे निशाण मानवंदनेच्या वेळी नमविण्याची लष्करी परंपरेतून आलेली रीत आहे. राष्ट्रध्वज मात्र कोणाही व्यक्तीपुढे वा वस्तूपुढे नमवावयाचा नाही, असे ध्वजसंहिता स्पष्ट सांगते. १९३६ च्या करारात दोन सत्ताधीशांची निशाणे शेजारी शेजारी बसवावी लागली होती. त्या वऱ्हाडातील शाळकरी मुलाला आज उजवीकडे कोण, हा प्रश्न पडत नाही, तो केवळ ह्या दोन नियमांमुळे.

ध्वजाच्या कापडाबद्दल एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. डिसेंबर २०२१ मध्ये ध्वजसंहितेत दुरुस्ती होऊन यंत्रावरील व पॉलिएस्टरच्या ध्वजास मुभा मिळाली. तोपर्यंत हातमागाची, हातसुताची खादी आवश्यक होती. अशी ध्वजाची खादी विणणाऱ्या मोजक्या केंद्रांपैकी एक नांदेडचे आहे, म्हणजे ज्या काठावर १९४७ साली हे निशाण चढविण्यास बंदी होती त्याच काठावरचे. आणि ध्वज शिवणारे प्रसिद्ध केंद्र हर्डीकरांच्या हुबळीस आहे.